बळवंतराव सहज निघाले

"पण काम काय?" मंगलाताईंनी विचारलं.

"काम काही नाही," बळवंतराव म्हणाले आणि पिशवीत टॉवेल कोंबला.

"काम नाय म्हंजे? पालघरला जाणार, तिथनं शिरगाव, सातपाटी, मग होडीने मुरबे, मग पायी पायी चिंचणी. बोईसरवरनं चिंचणीला रिक्षा जाते. एवढा वळसा कोन बिनकामाचा घालतो?"

"हळूहळू जायचंय. बघत बघत."

"काय बघत?"

इथे बळवंतराव चुरी अडखळले. काय बघायचं हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. ते बघायलाच तर निघाले होते.

कारखान्यातली सगळी नोकरी त्यांनी कंपनीच्या बसमध्ये पेंगत केली होती आणि सगळ्या सुट्ट्या नातेवाइकांच्या मांडवात. पालघर ते डहाणू या पट्ट्यातलं एक गाव त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही; पण शिरगाव म्हणजे आतेभावाची हळद, नांदगाव म्हणजे कुणाचं तरी बारावं आणि तारापूर म्हणजे ज्या साखरपुड्यात श्रीखंड कमी पडलं होतं ते गाव. तारापूरला किल्ला आहे म्हणतात. असेल. पंगत किल्ल्याकडे पाठ करून बसली होती.

या भागात येणं-जाणं उधारीवर चालतं. तुम्ही आमच्या साखरपुड्याला आलात की आम्ही तुमच्या बारशाला येणार, आम्ही तुमच्या मयताला थांबलो की तुम्ही आमच्या वास्तुशांतीला वाढपाला उभे राहणार. जमा-खर्च पिढ्यान्‌पिढ्या चालू असतो. कामाशिवाय आलेला माणूस मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि रकान्यात न बसणाऱ्या माणसाची लोकांना धास्ती वाटते.

निवृत्त झाल्यावर हा उद्योग सुचवला तो त्यांच्या मुलीने, मेघालीने. ती एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. "पप्पा, लोक जग बघायला विमानाने जातात. तुम्ही आपला समुद्रकिनारा पायी बघा. झाडं बघा, पक्षी बघा, जुनी देवळं, किल्ले बघा. कुणाकडे जायचं नाही, कुणाचं काम करायचं नाही. चार दिवस फक्त तुमचे." आणि तिने एक दुर्बीण आणून हातात दिली.

बदल्यात बळवंतरावांनीही तिला एक शब्द दिला होता: ती स्वतः विषय काढेपर्यंत तिच्या लग्नासाठी स्थळ बघायचं नाही. मागच्या स्थळाच्या वेळी घरात आठवडाभर कुणी कुणाशी बोललं नव्हतं. त्यानंतर बाप-लेकीत झालेला हा तह होता, आणि बळवंतराव तो प्राणापलीकडे पाळत होते. मेघालीचा त्यांच्यावर विश्वास होता. घरात तेवढ्या एकाच माणसाचा होता, म्हणून त्यांना तो जपायचा होता.

"दुर्बिणीने काय बघणार?" मंगलाताईंनी दारातून विचारलं.

"सहज," बळवंतराव म्हणाले आणि निघाले.

शिरगावचा किल्ला त्यांनी अगदी निवांत पाहिला. तटावर बसले, समुद्राचं वारं खाल्लं, फांद्या फुटलेल्या रावणताडाखाली उभे राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं. मग तहान लागली. रस्त्याकडेला एक वाडी होती, वाडीत विहीर होती आणि विहिरीपाशी नरहरी सावे शिंपणाचा पाइप ओढत होते.

"पानी मिळेल का?" बळवंतरावांनी विचारलं.

नरहरींनी त्यांना नीट न्याहाळलं. "तुमी बोईसरचे चुरी ना? लॅबात मुलगी हाय ती तुमची?"

"हो. तुम्ही ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? बसा की. कोन्या कामाला आलात?"

"काम काही नाही. सहज आलो होतो."

नरहरींच्या हातातला पाइप खाली पडला. ते घरात गेले आणि बायकोला म्हणाले, "पोहे टाक. कमलेशला उठव."

आता बळवंतरावांच्या लक्षात यायला हवं होतं. या पट्ट्यात मुलीचा बाप स्थळ बघायला आलो असं कधीच सांगत नाही. तो पाणी मागतो. विहिरीचं विचारतो, वाडीत डोकावतो, झाडांची चौकशी करतो आणि सगळं मनात टिपून निघून जातो. 'सहज आलो होतो' हे त्याचं ठरलेलं वाक्य. खुद्द मंगलाताईंचे वडील बळवंतरावांच्या दारी पहिल्यांदा आले ते अळूचे कंद मागायला, आणि कंद तिथेच विसरून गेले. पण बळवंतराव त्या दिवशी प्रवासी होते. प्रवाशाला आपल्याच गावच्या चालीरीती दिसत नाहीत.

"विहीर किती जुनी?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"आज्याने बांधली. मे महिन्यात पन आटत नाय. घरातल्या बाईमानसाला बाहेरनं हंडा आनायला लागत नाय," नरहरी म्हणाले.

"वा. आणि घर?"

"ते बापाने. वरच्या दोन खोल्या मी काढल्या. बाथरूम आत हाय."

बळवंतरावांना ही माहिती जरा जास्त वाटली, पण इतिहास असाच तपशिलांतून कळतो असं मेघाली म्हणाली होती. तेवढ्यात माडाच्या झावळ्यांतून एक पाकोळी सुर्रकन गेली. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि एकेका माडाच्या शेंड्यावरून सावकाश फिरवली.

"अगो बाय," आतून दबका आवाज आला, "नारळ मोजतायत."

नरहरींना घाम फुटला. "यंदा माल कमी हाय," ते म्हणाले. "भुंगा लागलाय. खोटं कशाला सांगू? पन पुढच्या वर्षाला बघा तुमी."

"पुढच्या वर्षी नक्की येतो," बळवंतराव दुर्बिणीतूनच म्हणाले.

हे वाक्य घरभर पसरायला फार वेळ लागला नाही. पोह्यांवर खोबरं पडलं, कोथिंबीर पडली आणि कमलेश बाहेर आला. इस्त्रीची घडी न मोडलेला शर्ट, ओले केस आणि नुकतं उठवलेल्या माणसाचे डोळे.

"किल्ल्याचा काही इतिहास माहीत आहे का तुम्हाला?" बळवंतरावांनी त्याला विचारलं.

कमलेशने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"मी परमनंट आहे," कमलेश म्हणाला.

"साधा हाय पोरगा," नरहरी घाईने म्हणाले. "कसलं व्यसन नाय. साधी सुपारी खात नाय."

"मग वाडीतली सुपारी जाते कुठे?" बळवंतरावांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सावे मंडळींनी त्यांना त्या दिवशी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना नरहरींच्या बायकोने पिशवीत दोन नारळ घातले, केळ्यांचा घड ठेवला आणि वर म्हणाली, "ताईंना सांगा, मी फोन करते."

"करा की," बळवंतराव म्हणाले. माणसं किती अगत्याची, असं मनाशी म्हणत ते वाकडे होऊन चालू लागले, कारण पिशवी एका बाजूला ओढत होती.

सातपाटीहून मुरब्याला जाणाऱ्या होडीत एक कोळीण मासळीची रिकामी टोपली घेऊन समोर बसली होती. तिने विचारलं, "कोनाकडं चाललाव?"

"कुणाकडे नाही."

"मग उतरताव कशाला?"

होडी लागली तेव्हा बळवंतराव चोरासारखे उतरले.

नांदगावच्या वळणावर एक गृहस्थ मोटरसायकल लावून त्यांचीच वाट बघत उभे होते. विनोद राऊत. मंगलाताईंच्या कुठल्यातरी चुलतघराण्यातले.

"नरहरीकडं रात राह्यलात म्हने," विनोद राऊत म्हणाले. "मग आमी काय घोडं मारलं?"

"अहो, मी कुणाकडेच..."

"बसा मागं. पोहे निवतात."

राऊतांच्या ओटीवर पोहे होतेच, शिवाय दोन मुलगे भिंतीला पाठ लावून उभे होते, शाळेच्या तपासणीला उभे असल्यासारखे.

"हा थोरला, हा धाकटा," विनोद राऊत म्हणाले. "दोघंबी कामाला. कोनता बी बघा, आमची हरकत नाय. विहीर मागल्या दारी हाय. दुर्बीन आनलीय ना?"

बळवंतरावांना आत्ता उलगडा झाला. विहीर, बाथरूम, भुंगा, परमनंट आणि सुपारी, सगळं एका ओळीत उभं राहिलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"विनोदभाऊ, गैरसमज होतोय. मी मुलीसाठी आलेलो नाही. मी नुसता फिरतोय."

"असंच बोलायचं असतं," विनोद राऊत समजुतीने म्हणाले. "माझा सासरा पन असाच बोलला व्हता."

"शपथ घेऊन सांगतो, मला काही काम नाही."

"एवढं दडवताय म्हंजे सावेंकडं पक्कं झालं काय?"

तेवढ्यात फोन वाजला. मंगलाताई होत्या. "सावेबाईंचा फोन आलेला. पत्रिका मागते. तुमी स्थळं बघत फिरताय, आणि मला टॉवेल दाखवून गेलात? बरं, बघितलंत तर बघितलंत, त्या नांदगावच्या राऊतांकडं कशाला गेलात? त्यांच्यात आनी आमच्यात बोलणं नाय, आईच्या वर्षश्राद्धापासून."

"अगं, मी..."

"थांबा. मेघालीला बोलायचंय."

मेघालीचा आवाज शांत होता. तो नेहमीच्या भांडणाच्या आवाजापेक्षा वाईट होता. "पप्पा, मी तुम्हाला दुर्बीण पक्षी बघायला दिली होती."

"मी पक्षीच बघत होतो. पाकोळी होती. त्यांना वाटलं नारळ..."

"तुम्ही शब्द दिला होता. सरळ सांगितलं असतंत, स्थळ बघायला जातोय, तरी चाललं असतं. हे असं सहलीचं नाव कशाला केलंत?"

तिने फोन ठेवला. बळवंतरावांनीही आपला बंद करून पिशवीत अगदी तळाशी, नारळांखाली टाकला. राऊतांनी त्यात आणखी दोन नारळ भरले. जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि जेवल्यावर झोपल्याशिवाय सोडलं नाही, आणि झोपून उठल्यावर संध्याकाळ झालेली होती.

तिसऱ्या दिवशी ते पहाटेच निसटले. मनात एकच होतं: चिंचणीला पोचायचं, समुद्राला पाय लावायचे, कुणाच्याही घरी न जाता परत फिरायचं आणि मेघालीला म्हणायचं, बघ, गेलो आणि आलो, बस्स. पण नवापूरच्या अलीकडे एक स्कूटरवाला शेजारी येऊन सावकाश चालवू लागला.

"चुरीभाऊ, पायी पायी? माझ्या मेहुण्याचा मुलगा हाय एक, डिप्लोमा झालेला. घर वाटेवरच हाय."

बळवंतराव थांबले. खांदा दुखत होता. पोह्यांचं नावही नको वाटत होतं. तीन दिवस खरं बोलून बोलून ते थकले होते. थकलेल्या माणसाला खोटं फार सोपं जातं.

"चिंचणीला चाललोय," ते म्हणाले. "दुखवट्याला."

स्कूटर बंद पडल्यासारखी थांबली. त्या माणसाने टोपी काढली, एक शब्द न बोलता छातीला हात लावला आणि मागे सरकला.

दुखवट्याला निघालेल्या माणसाला इथे कुणी अडवत नाही. चहा विचारत नाहीत, मागून हाक मारत नाहीत, मुलं खेळ थांबवून बाजूला होतात. पुढच्या वस्तीत एकाने विचारलं, बळवंतरावांनी तेच सांगितलं, त्यानेही वाट दिली. इतकं सोपं होतं तर दोन दिवस पोहे कशाला खाल्ले, असं त्यांना वाटलं.

ती सकाळ मात्र त्यांची होती. खाडीकाठच्या तिवरांत खंड्या बसला होता. तो उडेपर्यंत ते बघत राहिले आणि तो फार वेळ उडाला नाही. ताडांच्या रांगेतून समुद्र दिसत-लपत होता. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडींखालून त्यांना वाकून जावं लागलं. पुढे तारापूरला पोचल्यावर त्यांनी किल्ल्याच्या तटावर हात ठेवला. दगड ऊन होता. ज्या मैदानात श्रीखंड कमी पडलं होतं ते तिथून स्पष्ट दिसत होतं. बळवंतरावांचे डोळे घामाने चुरचुरले, त्यांनी रुमाल लावला, रस्त्याने जाणाऱ्या दोन बायकांनी ते पाहिलं आणि एकमेकींना म्हणाल्या, "फारच मनाला लागलेलं दिसतं."

इकडे स्कूटरवाला विचार करत होता. बोईसरचे चुरी, चिंचणीला दुखवटा. चिंचणीला त्यांचं कोण? तर बन्सीमामा. बळवंतरावांच्या आईचे सख्खे भाऊ, नव्वदी ओलांडलेले. दुसरं कोण असणार? त्याने मेहुण्याला फोन केला. मेहुण्याने विनोद राऊतांना, राऊतांनी सावेंना. परिवाराच्या ग्रुपवर बन्सीमामांचा फोटो हार घालून आला. तो कुठल्याशा लग्नातला होता, मामांच्या हातात जिलबी होती. ती कापायला कुणाला सवड झाली नव्हती. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' होती आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. बळवंतरावांचा फोन चार नारळांखाली बंद पडून होता.

चिंचणीत शिरल्यावर त्यांना सरळ समुद्राकडे वळायचं होतं. पण मामांच्या गल्लीच्या तोंडाशी टमटम उभ्या होत्या. घराबाहेर चपलाच चपला. ओटीवर पांढऱ्या साड्या.

बळवंतराव जागीच थांबले. मामा खरंच गेले. मी तोंडाने बोललो आणि ते गेले. ते समोरच्या पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि तीन दिवसांचा सगळा शीण काढून रडले.

"बळवंता," ओटीवरून आवाज आला, "रडतोस कशाला? चपला काढ नि वर ये. जागा कमी हाय."

बन्सीमामा झोपाळ्यावर बसले होते. अंगात धुतलेला सदरा, हातात काठी. सकाळी दार उघडलं तर दारात बायकांनी गळा काढलेला. पहिली दहा मिनिटं ते रागावले. मग कोण कोण आलंय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि राग गेला.

"आमचा सातपाटीचा जावाय आला नाय अजून," ते समोर बसलेल्या मंडळींना सांगत होते. "माझ्या म्हशीच्या दुधावर वाढलेला. मेलो असतो तर हे कळलं पन नसतं." मग त्यांनी काठी आपटली. "बरं, पन मी गेलो हे कोनी सांगितलं?"

नरहरींनी राऊतांकडे पाहिलं. राऊतांनी स्कूटरवाल्याकडे पाहिलं. स्कूटरवाल्याने टोपी काढली आणि बळवंतरावांकडे बोट केलं.

"मी नाव घेतलं नव्हतं," बळवंतराव म्हणाले. "मी फक्त दुखवटा म्हणालो होतो."

"कोनाचा?"

"कुणाचाच नाही. मला वाटेत कुणी थांबवू नये म्हणून."

मंगलाताई आतून पदर सावरत आल्या. मामांसाठी पांढरं नेसून, डोळे सुजवून बोईसरहून आलेल्या त्या बाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की बळवंतरावांना खरोखरच्या दुखवट्याची सोय जवळ आल्यासारखी वाटली.

पण परत कुणी निघेना. सगळ्यांनी रजा टाकल्या होत्या. दुखवट्याचा बेत मोडला होता आणि दुसरं काही काम कुणालाच नव्हतं. मामा त्यांच्या आज्याच्या वेळच्या चिंचणीच्या गोष्टी सांगू लागले. बंदरात कुठली गलबतं लागत, कुठल्या आळीत कोण राहत असे, वडाच्या झाडाखाली कुणी कुणाला काय म्हटलं होतं. विनोद राऊत मांडी घालून ऐकू लागले. नरहरी सावे वाडीत जाऊन मामांच्या माडांना भुंगा लागलाय का ते बघून आले. मंगलाताई आणि राऊतांची बायको, ज्यांच्यात वर्षश्राद्धापासून बोलणं नव्हतं, त्या दोघी पांढऱ्या साड्या पिंढऱ्यांपर्यंत उचलून समुद्राकडे गेल्या, आणि तिकडून मंगलाताईंचं हसणं ऐकू आलं.

बळवंतराव मागल्या दारी एकटेच उभे होते. मेघाली आली. तिच्या हातात दुधाचा रिकामा कॅन होता.

"सावेकाकू काय म्हणतात माहीत आहे? घरात मयत झालं म्हणजे वर्षभर लग्नाचं बोलणं काढता येणार नाही, म्हणून आल्या आल्या त्यांनी पत्रिकेचा विषय मिटवून टाकला होता. माझी वर्षभराची सुटका झाली होती. मामाआजोबांनी दार उघडून ती घालवली."

"मेघाली, मी स्थळं बघत..."

"नव्हता. पटलंय मला." तिने कॅन पुढे केला. "स्थळ ठरवायला निघालेला कुठला बाप स्वतःच्या मामाला मारेल? सगळंच वर्षभर लांबलं असतं. एवढा वेडेपणा फक्त बिनकामाचा माणूसच करू शकतो."

बळवंतरावांनी कॅन घेतला.

"मामाआजोबा म्हणतात, आता दुखवटा नाही, म्हणजे माणसं चहाशिवाय जाता कामा नयेत. आणि ज्याने बोलावली त्याने दूध आणायचं. मग साखर. मग संध्याकाळी सगळ्यांना किल्ला बघायचाय, तर टमटमवाल्यांना थांबवून ठेवा. आणि शिरगावचे काका विचारत होते, त्यांना ती दुर्बीण मिळेल का?"

बळवंतरावांनी गळ्यातली दुर्बीण काढून दिली.

डेअरीवाला गल्लीच्या टोकाला होता. त्याने मान वर करून विचारलं, "काय पायजे, भाऊ?"

"दूध," बळवंतराव म्हणाले.

ते जरा थांबले, पुढचा प्रश्न येईल म्हणून. डेअरीवाल्याने कॅन ओढून घेतला आणि भरायला लागला. गेल्या तीन दिवसांत त्यांच्या बोलण्यावर एवढ्या झटकन कुणी विश्वास ठेवला नव्हता.